मुलाखतीनंतरचे आभारपत्र : अमेरिकेत नव्याने नोकरी शोधणाऱ्यांसाठी

आपल्याकडून इथे आलेल्या मुलामुलींची मुलाखतीची तयारी सहसा चोख असते. राहून जाते ती मुलाखत संपल्यानंतरची गोष्ट, म्हणजे आभाराची ईमेल. ज्याच्या हातात आपली निवड आहे त्याला पत्र लिहिणे म्हणजे पुढे पुढे करणे, असा संकोच आपल्या मनात असतो आणि तो मी समजू शकतो. अमेरिकेत मात्र हा साधा शिष्टाचार मानला जातो. पत्रामुळे फसलेली मुलाखत सावरत नाही, हेही खरे. पण समोरच्याचे म्हणणे तुम्ही नीट ऐकले होते, हे दाखवण्याची संधी मुलाखतीनंतर एवढी एकच उरते आणि ती दवडू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

पत्र त्याच दिवशी संध्याकाळी, फार तर २४ तासांच्या आत पाठवावे. मुलाखत शुक्रवारी झाली असेल तर सोमवारची वाट पाहू नये. पत्ता बहुधा मुलाखतीच्या कॅलेंडर निमंत्रणात सापडतो. तो नसेल तर रिक्रूटरला पत्र पाठवून पुढे पोहोचवण्याची विनंती करावी. चार जणांनी मुलाखत घेतली असेल तर चौघांना वेगवेगळे लिहावे, कारण उमेदवाराविषयी ते आपसांत बोलतात आणि एकच मजकूर चौघांकडे गेल्याचे लगेच लक्षात येते. सुरुवातीला ‘रिस्पेक्टेड सर’ नको. मुलाखतीत त्यांनी स्वतःची ओळख ज्या नावाने करून दिली त्याच नावाने, तेही पहिल्या नावाने, संबोधावे. वयाने मोठ्या माणसाला असे लिहिताना पहिल्यांदा हात अडखळतो, पण इथे त्यात अनादर नाही. नावाचे स्पेलिंग मात्र दोनदा तपासावे.

खरी मेहनत मजकुरावर घ्यायची आहे. समजा, न्यू जर्सीतल्या एखाद्या स्थापत्य सल्लागार कंपनीत तुमची मुलाखत झाली आणि बोलता बोलता तिथल्या अभियंत्याने सांगितले की, पावसाळी गटारांचे जुने नकाशे १९२९ च्या उंचीच्या आधारपातळीवर (म्हणजे जिथून उंची मोजायची त्या ठरावीक पातळीवर) आहेत, नवे सर्वेक्षण १९८८ च्या पातळीवर आहे आणि दोन्ही एकत्र करताना आकड्यांचा घोळ होतो. अशा वेळी ‘आपल्या नामांकित कंपनीत काम करण्याची माझी मनापासून इच्छा आहे’ हे वाक्य काहीच सांगत नाही. त्याऐवजी असे लिहावे : ‘जुन्या नकाशांवरील उंचीच्या आकड्यांविषयी आपण सांगितलेली अडचण मला महत्त्वाची वाटली. माझ्या पदव्युत्तर प्रकल्पात असाच प्रश्न आला होता. तेव्हा दोन्ही सर्वेक्षणांत सापडणारे खात्रीचे बिंदू आधी निश्चित करून बाकीचे त्यांच्याशी ताडून पाहिले होते.’ आधी वेळ दिल्याबद्दल आभार, मग हा मुद्दा, शेवटी या कामात रस कायम असल्याचे एक वाक्य. सव्वाशे-दीडशे शब्द पुष्कळ झाले. मुलाखतीतून बाहेर पडताच प्रत्येकाच्या बोलण्यातली एकेक गोष्ट टिपून ठेवली, तर हे लिहायला वेळ लागत नाही. चॅटजीपीटीकडून इंग्रजी तपासून घ्यायला हरकत नाही, परंतु तो मुद्दा तुमच्याच आठवणीतून आला पाहिजे, कारण त्या खोलीत तुम्ही होता.

पगार, व्हिसा, स्पॉन्सरशिप (म्हणजे कंपनीने तुमच्या व्हिसासाठी अर्ज करणे) यांचा उल्लेख या पत्रात करू नये. स्पॉन्सरशिपविषयीचा प्रश्न अर्जातच विचारलेला असतो; तिथे खरे उत्तर द्यावे आणि पुढची बोलणी रिक्रूटरशी करावीत. दिवाळीच्या सुमारास मुलाखत झाली तरी मिठाईचा डबा किंवा गिफ्ट कार्ड पाठवू नये. त्याने समोरचा माणूस अडचणीत येतो, आणि सरकारी कार्यालयांत तर भेटवस्तू घेण्यावर नियमांची मर्यादाच असते.

यानंतरची वाट पाहणे कठीण असते. विशेषतः ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या तात्पुरत्या परवानगीवर असलेल्यांना, ज्यांना सुरुवातीच्या मुदतीत नोकरीविना एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही, एकेक दिवस मोठा वाटतो. तरीही रोज विचारणा करू नये. निर्णयाची तारीख सांगितली असेल तर ती उलटून दोन-तीन कामाचे दिवस जाऊ द्यावेत आणि मग आधीच्याच ईमेलला उत्तर म्हणून दोन ओळींची चौकशी करावी. तारीख सांगितली नसेल तर आठवडाभर थांबावे. दरम्यान बाकीचे अर्ज चालूच ठेवावेत.

नकार आला तरी एक छोटे उत्तर जरूर पाठवावे. निवडलेला उमेदवार कधी कधी ऐनवेळी दुसरी नोकरी स्वीकारतो, कधी त्याच विभागात काही महिन्यांनी नवी जागा निघते, आणि तेव्हा यादी पुन्हा उघडली जाते. त्या उत्तरात कारण विचारत बसू नये. आभार मानावेत, आणि पुढे योग्य जागा निघाल्यास कळवावे, एवढेच लिहावे.