घरात तान्हं बाळ असेल तर डासांचं काय करायचं (सोलापूरच्या पाण्याच्या हिशोबानं)

माझी मुलगी आता ९ महिन्यांची आहे. पहिले ४-५ महिने माझी निम्मी झोप डासांपायी गेली, म्हणजे ती झोपायची आणि मी मोबाईलचा टॉर्च लावून तिच्या अंगावर कुठं डास बसलाय का बघत बसायची. घरात प्रत्येकाचा उपाय वेगळा. सासूबाई म्हणायच्या धुरी दे, शेजारच्या आक्का रोज दिवेलागणीला सांब्राणी घालायच्या आणि आमच्याकडंही आणून द्यायच्या, जाऊबाईंनी कापूर आणि कडुनिंबाचं तेल मिसळून डासांच्या लिक्विड मशीनच्या रिकाम्या बाटलीत भरायचा व्हिडिओ पाठवला, नवऱ्यानं सरळ कॉइलचा डबाच आणला. सगळ्यांची माया खरी होती, पण नैसर्गिक आहे म्हणजे बाळाला चालतंच हे आम्ही सगळ्यांनी धरून ठेवलेलं, ते मात्र चुकीचं निघालं. मुलांच्या डॉक्टरांना विचारून, थोडं वाचून, थोडं चुका करून आता घरात जे बसलंय ते लिहितेय, आणि ज्यांच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही त्यांनी तर नक्की वाचा.

सगळ्यात आधी बॅरल. आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांनी सुटतं, उन्हाळ्यात कधी त्याहून लांबतं, त्यामुळं बॅरल, टाकी, हौद, बादल्या, कळशा, जे मिळेल ते भरून ठेवायची सवय आपल्या सगळ्यांनाच आहे आणि तीच सवय डासांच्या पथ्यावर पडते. डेंग्यूचा डास, तो पायावर पांढरे पट्टे असलेला, गटारात अंडी घालत नाही, त्याला असं साठवलेलं, स्वच्छ, न हलणारं पाणीच लागतं. आपल्या उकाड्यात अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात. म्हणजे दोन पाळ्या बॅरल न धुता नुसतं वरून भरत गेलं की आपण घरातच डास पाळतोय.

मी एकदा रात्री बॅरलमध्ये टॉर्च मारला. पाण्याच्या अगदी वरच्या थराला बारीक काड्या उलट्या लटकल्यासारख्या दिसत होत्या, बॅरलला धक्का लागला तशा सगळ्या वळवळत खाली गेल्या आणि मिनिटाभरात श्वास घ्यायला एकेक करून परत वर आल्या, डासांच्या अळ्या त्या. तीन फुटांवर बाळाची झोळी होती. त्या दिवसापासून आमच्या घरात पाणी सुटायच्या आधी बॅरल धुतल्याशिवाय मोटर चालू होत नाही.

पाणी ओतून द्यायला जीव होत नाही हे मला माहीत आहे, मलाही होत नाही. म्हणून आदल्या दिवशीपासून बॅरलचंच पाणी वापरायला काढायचं, तळाला जे कळशी-दोन कळशी उरतं त्यानं गॅलरी, संडास, पायऱ्या धुवायच्या, नाहीतर झाडांच्या मातीत ओतायचं. अळ्या दिसल्या असतील तर ते पाणी गटारात न सोडता कोरड्या मातीवर ओता, तिथं त्या मरतात. मग खरं काम. डास अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला चिकटवतो आणि ती अंडी कोरड्या बॅरलमध्येही महिनोनमहिने टिकतात, परत पाणी भरलं की फुटतात. त्यामुळं नुसतं रिकामं करून उपयोग नाही, नारळाच्या शेंडीनं किंवा काथ्यानं आतली बाजू चांगली रगडून काढायची, जिथं पाण्याची रेष उमटलेली असते तिथं आणि त्याच्या वर चार बोटं जास्त जोर लावून, काठाच्या आतल्या बाजूला पण. जमलं तर अर्धा तास उन्हात पालथं घालायचं, ऊन आपल्याकडं कमी नाहीच.

भरल्यावर झाकण, आणि झाकण नीट बसत नसेल तर जुनं सुती धोतर किंवा साडीचा तुकडा दुहेरी करून वरून घालायचा आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून गच्च बांधायची. सुतळी सैल पडते, ट्यूब पडत नाही. कापड मधे खोल जाऊन पाण्याला टेकू देऊ नका, ओल्या कापडावर पण डास अंडी घालतो.

हे आठवड्यातून एकदा झालंच पाहिजे, पाणी कधीही सुटो. त्याच दिवशी फ्रिजच्या मागचा ट्रे (हा कुणीच बघत नाही, मी बघितला तेव्हा त्यात पण अळ्या होत्या), तुळशीच्या कुंडीखालची ताटली, मनी प्लँटची बाटली, पाखरांसाठी ठेवलेलं पाणी, टेरेसवरचं टायर, करवंट्या हे सगळं एका फेरीत उरकून घ्यायचं. कूलरची टाकी उन्हाळाभर आठवड्याला एकदा रिकामी करून पुसायची आणि पाऊस सुरू झाला की पूर्ण वाळवूनच ठेवायची. मोठा हौद असेल जो रिकामा करता येत नाही, त्यात गप्पी मासे सोडा, ते अळ्या खातात. महापालिकेच्या हिवताप विभागात किंवा घरी तपासायला येणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांकडं मागून बघा. ते लोक बॅरल बघायला आले की दारातून परत पाठवू नका, एवढी विनंती.

आता बाळाकडं येऊ. २ महिन्यांच्या आतल्या बाळाला अंगाला काहीही लावायचं नाही, ना क्रीम, ना तेलं, ना रोल-ऑन. त्याला मच्छरदाणी, बास. आणि त्यानंतरही खरी भिस्त मच्छरदाणीवरच ठेवा.

बाजारात छत्रीसारखी उघडणारी मिळते ती गादीवर झोपणाऱ्या बाळाला चांगली. पण आपल्याकडं बाळ झोळीत झोपतं, आणि झोळीवर नुसती जाळी टाकली तर ती बाळाच्या तोंडावर येते, शिवाय अंगाला चिकटलेल्या जाळीतून डास बाहेर बसून आरामात चावतो. आम्ही डबल बेडची चौकोनी मच्छरदाणी छताच्या हुकांना अशी बांधली की अख्खी झोळी तिच्या आत येते, झोका दिला तरी सगळ्या बाजूंनी वीतभर जागा राहते. दोऱ्या वर छताकडं आखूड बांधायच्या, बाळाच्या हाताला किंवा गळ्याला लागेल असं काही लोंबकळू द्यायचं नाही. खालची कड जमिनीवर लोळती ठेवून वर एखादी जड चादर गोल गुंडाळून ठेवली की फट राहत नाही, घरात सोलापुरी चादरींना काय तोटा. रंग पांढरा घ्या, आत शिरलेला डास लगेच दिसतो. आणि महिन्यातून एकदा उजेडासमोर धरून भोकं बघा, दिसलं की सुई-दोरा.

दुपारच्या झोपेलाही मच्छरदाणी लावा. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, सकाळी ऊन वर आल्यावर आणि संध्याकाळी मावळायच्या आधी जास्त. आपण रात्री सगळं करतो आणि दुपारी बाळाला उघड्यावर टाकून स्वयंपाकाला लागतो, मी पण तेच करत होते.

पंखा हा माझ्या मते सगळ्यात स्वस्त आणि कसलाच त्रास नसलेला उपाय आहे. डास उडायला कमकुवत असतो, वाऱ्यात त्याला नेमकं बसता येत नाही, आणि आपल्या श्वासाचा, घामाचा वास ज्याच्या मागावर तो येतो तो वास पण वाऱ्यानं विखुरतो. टेबल फॅन खाली ठेवून पायाकडून हळू फिरता सोडा, तोंडावर सरळ झोत नको. लाईट गेली की मात्र पंखा संपला, म्हणून मच्छरदाणी लागतेच.

कपडे फिकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे, मलमलचे किंवा पातळ सुती. गडद रंगाकडं डास जास्त येतो. पण ४२ डिग्रीत डासांच्या भीतीनं बाळाला दोन-दोन थर घालू नका, घामोळ्यानं जास्त हाल होतात, एकच सैल थर पुरे. खिडक्यांना वेल्क्रोची जाळी आम्ही स्वतः कात्रीनं मापात कापून लावली, आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेसात दार लोटलेलं असतं, कारण गटारातले डास त्याच वेळेला आत घुसतात.

आता ज्यावर घरात वाद होतात ते. धुरी. आंघोळीनंतर शेगडीत निखारे, त्यावर वेखंड, ओवा, बाळंतशेपा टाकून बाळाला धुरावर धरायची पद्धत माझ्याही माहेरी आहे, त्या वासानं मला माझी आजी आठवते. पण धूर तो धूरच, कडुनिंबाचा असो, निर्गुडीचा असो नाहीतर सांब्राणीचा, बाळाची श्वासनलिका काडीएवढी असते. आम्ही तोड अशी काढली की सासूबाई संध्याकाळी बाळाला घेऊन गच्चीवर जातात, तेवढ्यात रिकाम्या घरात धुरी होते, मग सगळं उघडून पंखे लावून अर्धा-पाऊण तास हवा खेळू देतो, वास गेला की बाळ आत. सासूबाईंचं मन पण राहतं.

कॉइलचं काही बोलायलाच नको. एक कॉइल जळून जेवढे बारीक कण हवेत सुटतात ते ७५ ते १३७ सिगारेटींएवढे असतात असं एका अभ्यासात मोजलेलं आहे. बंद खोलीत, बाळाशेजारी, रात्रभर. डासांच्या अगरबत्त्या ज्या सुट्या मिळतात, पाकिटावर नोंदणी नंबर नाही, त्या तर घरात आणूच नका, नुसतं हर्बल लिहिलेलं असतं आणि आत कुठलं कीटकनाशक आहे ते कळायला मार्ग नसतो.

कापराचं मात्र कळकळीनं सांगते. कापूर बाळाच्या कातडीतून आणि श्वासातून अंगात जातो आणि पोटात गेला तर थोड्याशानं पण झटके येऊ शकतात. उशीखाली कापूर, पुडी करून गळ्यात, तेलात घालून छातीला, यातलं काहीच नको. निलगिरीचं तेल तसंच. कडुनिंबाचं तेल लहान बाळाच्या पोटात जाऊ देऊ नका, त्यानं बाळं गंभीर आजारी पडल्याची उदाहरणं आहेत, चाटणात, घुटीत कुणी घालत असेल तर थांबवा. कपाटातल्या डांबर गोळ्यांमध्ये ठेवलेले कपडे, दुपटी काढून तशीच बाळाला घालू नका, काही बाळांमध्ये त्यानं रक्तातल्या लाल पेशी फुटून कावीळ होते. आणि तो मशीनच्या बाटलीत कापूर-तेल भरायचा व्हिडिओ, तो कुणी पाठवला तर पुढं पाठवू नका.

आमची स्वतःची चूक सांगते. मुलगी ५ महिन्यांची असताना नैसर्गिक तेलांचं म्हणून मिळालेलं एक रोल-ऑन मी तिच्या पायाला लावलं, रात्रीतून मांड्यांवर लाल चट्टे उठले, दोन दिवस ती रडत होती. डॉक्टर म्हणाले सिट्रोनेला, लवंग, पुदिना असली तेलं एवढ्या कोवळ्या कातडीला भाजल्यासारखी लागतात. शिवाय सिट्रोनेलाचा असर तास-दोन तासांत उडून जातो, म्हणजे चट्टे पण आणि डास पण. हाताला बांधायचे पट्टे आणि स्टिकर पण नको, बाळ सगळं तोंडात घालतं.

मोठ्यांनी मात्र लावायला हरकत नाही. १०० मिली खोबरेल तेलात २ मिली कडुनिंबाचं तेल, चांगलं हलवून, उघड्या हातापायाला. मलेरियाच्या डासावर हे प्रमाण चांगलं चालल्याचं आपल्या देशातल्या अभ्यासात दिसलंय, डेंग्यूच्या डासावर एवढा भरवसा ठेवू नका. आधी कोपराच्या आत थेंबभर लावून एक दिवस बघा आणि बाळाला पाजणार असाल तर छातीला, हाताला लावू नका. लेमन युकॅलिप्टसचं रिपेलंट (अंगाला लावायचं डास पळवणारं औषध, साधं निलगिरीचं तेल नव्हे) चालतं, पण ३ वर्षांच्या आतल्या मुलांना नाही. गवती चहाची, तुळशीची कुंडी खिडकीत ठेवा, छानच, पण नुसत्या कुंडीनं डास जात नाहीत, गवती चहाची पाती चुरगाळली तरच वास सुटतो आणि तोही थोडा वेळ. आजूबाजूला डेंग्यूचे पेशंट निघाले असतील आणि बाळ २ महिन्यांपेक्षा मोठं असेल तर मुलांच्या डॉक्टरांना विचारून मेडिकलमधलं डासांचं क्रीम लावायला कमीपणा मानू नका, फक्त डोळ्यांजवळ आणि बाळाच्या हातांना लावायचं नाही, झोपेतून उठलं की धुवायचं.

एवढं करूनही एखादा चावतोच. गार पाण्यात भिजवलेलं स्वच्छ फडकं दोन-पाच मिनिटं धरा, बाळाची नखं कापलेली ठेवा, चुना, टूथपेस्ट, बाम काही नको.

ताप आला तर मात्र घरी बसू नका. ३ महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप म्हणजे त्याच दिवशी, रात्र असली तरी डॉक्टर. मोठ्या बाळाला पण पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे डॉक्टर सांगतील तेवढंच, आणि डेंग्यूची शंका असताना आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन अजिबात नाही, त्यानं रक्तस्राव वाढू शकतो. डेंग्यूत ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवस जास्त नाजूक असतात. ताप गेला म्हणून निर्धास्त होऊ नका, बाळ मलूल पडलंय, दूध घेत नाही, सारखं उलटी करतंय, लघवी कमी झाली, हिरड्यातून किंवा नाकातून रक्त दिसलं तर लगेच न्या, आणि गल्लीत कुणाला डेंग्यू झाला असेल तर ते डॉक्टरांनी विचारायच्या आधी आपणच सांगा.