सॉफ्टबॉलमध्ये हूल द्यावी, पण कुठवर?
पिचरला (फलंदाज मुलीकडे चेंडू टाकणारीला) चेंजअप जरूर शिकवा: हाताचा वेग तोच, चेंडू मात्र संथ. बंटचा (बॅट न फिरवता चेंडू हलकेच अडवण्याचा) पवित्रा घेऊन बॅट मागे ओढणंही चोख. खोटा टॅग (चेंडू हातात नसताना धावणारीला ग्लोव्ह टेकवून बाद करण्याचा आव) सरावातसुद्धा नको. चेंडू नसताना ग्लोव्ह खाली आला की धावणारी मुलगी ऐनवेळी, बेसच्या फार जवळ आल्यावर स्लाइड करते. बुटाचा स्पाइक मातीत रुततो, घोटा मुरगळतो. नियमानेही खोटा टॅग हा अडथळाच. सवय मोडायची तर चेंडू दिसेपर्यंत ग्लोव्ह छातीशी ठेवायला लावा.

धावणारीने ‘माझा, माझा!’ ओरडून कॅच घेणारीला गोंधळवलं, तर पंच तिला बाद देऊ शकतात.

चेंडू लपवून ठेवायचा आणि धावणारीने बेस सोडताच तिला बाद करायचं, ही युक्ती लहान गटात टाळाच. तिथे बेस कधी सोडायचा (पिचरच्या हातून चेंडू सुटल्यावर) हेच अजून अंगवळणी पडलेलं नसतं. शिवाय पिचर चेंडूविना पिचिंगच्या प्लेटवर (चेंडू टाकायच्या पट्टीवर) उभी राहिली, तर पिच बेकायदा.