मण्यांचे आणि लटकनांचे ब्रेसलेट घरच्या घरी

बडोद्यात नवरात्र जवळ आले की मंगळ बाजारात गरब्याच्या दागिन्यांची रेलचेल होते. परंतु चणिया-चोळीच्या रंगाला अचूक जुळणारे ब्रेसलेट हवे असेल, तर ते घरी ओवणे स्वस्तही पडते आणि सोपेही आहे. त्यासाठी ६ मिलिमीटरचे मणी, ०.८ मिलिमीटर जाडीचा इलॅस्टिक दोरा, एक-दोन लटकने, तारेच्या छोट्या कड्या आणि दोन बारीक पकडी एवढे साहित्य पुरते. तुटलेल्या माळेचे मणी किंवा जुन्या पैंजणाचे घुंगरू घरात असतील, तर खर्च आणखी कमी.

मनगटाच्या मापात दीड सेंटिमीटर मिळवावे. १७ सेंटिमीटर लांबीसाठी साधारण २८ मणी लागतात. दोरा त्याहून १० सेंटिमीटर अधिक कापावा आणि ओवण्यापूर्वी दोन-तीनदा ताणून घ्यावा, कारण न ताणलेला दोरा वापरात सैल पडतो व मण्यांमध्ये फट दिसू लागते. एका टोकाला चिकटपट्टी लावली की मणी घरंगळत नाहीत.

लटकनाची कडी उघडताना तिची टोके फाकवू नयेत, तर एक पुढे आणि एक मागे अशी वळवावीत. फाकवलेल्या कडीचा गोल पुन्हा नीट जुळत नाही. खरी परीक्षा गाठीची असते. साध्या गाठीत दोरा एकदा फिरवतात, तिथे तो दोनदा फिरवून आवळावा, वर आणखी एक साधी गाठ मारावी आणि पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब सोडावा. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने इलॅस्टिक कडक होऊन तुटू शकते, म्हणून तो टाळलेलाच बरा. वाळल्यावर टोके कापून गाठ मोठ्या भोकाच्या मण्यात सरकवावी.