चॉकलेटी इम्पिरियल स्टाउट नुसती कडू लागतेय? या चुका टाळा

‘नाव चॉकलेट स्टाउट आणि चव नुसती करपलेल्या कॉफीची!’ पहिल्यांदा इम्पिरियल स्टाउट, म्हणजे भाजलेल्या मॉल्टची काळी, जास्त अल्कोहोलची बिअर, चाखणाऱ्यांची ही तक्रार ठरलेली असते. बहुतेक वेळा बाटलीत काहीच बिघडलेलं नसतं. बिअर फार थंड असते, घोट मोठा घेतलेला असतो, नाहीतर जीभ गोड चॉकलेटची वाट बघत असते. इतक्या मेहनतीने बनवलेली बिअर अर्धवट चाखून नापसंत होते याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून हे जरा सविस्तर.

मिल्क चॉकलेटची अपेक्षा

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन ब्रुअरीची ब्लॅक चॉकलेट स्टाउट हे या प्रकारातलं माझं आवडतं उदाहरण. १९९४ मध्ये गॅरेट ऑलिव्हर तिथे ब्रूमास्टर, म्हणजे बिअर बनवणारे प्रमुख, म्हणून आले आणि तिथे त्यांनी बनवलेली पहिली बिअर हीच. अल्कोहोल १० टक्के. चॉकलेट मात्र त्यात कणभरही घातलेलं नाही. सगळी चव मॉल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाची. त्यातला काही मॉल्ट गडद तपकिरी होईपर्यंत भाजतात आणि त्या रंगावरून त्याला चॉकलेट मॉल्ट म्हणतात. १८१७ मध्ये इंग्लंडमध्ये डॅनियल व्हीलर यांनी फिरत्या ढोलात मॉल्ट भाजण्याचं पेटंट घेतलं आणि काळ्या बिअरचा रंग हवा तसा साधता येऊ लागला. चकलीची भाजणी करणाऱ्यांना हे चटकन कळेल: खमंग आणि करपट यांच्यात अंतर फार थोडं असतं, आणि भाजणाऱ्याचं सगळं कसब तेवढ्यातच.

तेव्हा या पेल्यात शोधायचा तो काळ्या चॉकलेटचा कडूपणा, कोको पावडरचा कोरडेपणा आणि त्यामागून येणारी काकवी, खजूर, मनुका. कडूपणा इथे दोष नाही, तो मुद्दाम आणलेला असतो. बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेच्या निकषांत इम्पिरियल स्टाउटला ८ ते १२ टक्के अल्कोहोल आणि ५० ते ९० आयबीयू (बिअरचा कडूपणा मोजायचं एकक) कडूपणा सांगितलाय. मॉल्टची एवढी साखर आणि एवढं अल्कोहोल पेलायला तितका कडूपणा लागतोच, नाहीतर बिअर पाकासारखी चिकट लागेल.

खरोखर चॉकलेट घातलेल्या स्टाउटही असतात. सदर्न टिअरची चोकलॅट ही त्यातली एक. कोकोचे तुकडे, व्हॅनिला आणि लॅक्टोज (दुधातली साखर) घालून केलेल्या मिठाईसारख्या स्टाउटना तर आता पेस्ट्री स्टाउट असं वेगळं नावच पडलंय. लॅक्टोज यीस्टला पचत नाही, त्यामुळे त्याचा गोडवा बिअरमध्ये तसाच राहतो. ज्यांना दूध पचत नाही त्यांनी लेबल नीट वाचावं. या दोन घराण्यांना एकाच मापाने तोलू नका. एकीत चॉकलेट कमी म्हणून आणि दुसरी फार गोड म्हणून, अशा दोघीही उगाच नापास होतात.

फ्रिजमधून थेट पेल्यात

माझ्या मते सगळ्यांत मोठी चूक ही. आपल्याकडे बिअर म्हणजे बर्फासारखी गार हे समीकरण पक्कं आहे, आणि मे महिन्यात लागरच्या बाबतीत ते योग्यही आहे. इम्पिरियल स्टाउटला मात्र ते मारक ठरतं. ४ अंशांना सुगंधाचे रेणू द्रवातून फारसे सुटतच नाहीत आणि जिभेला गोडवाही कमी जाणवतो. मग समोर उरतो तो नुसता कडूपणा आणि भाजल्याचा तुरटपणा. तक्रारीतली ती ‘करपलेली कॉफी’ बऱ्याचदा इथून येते.

साधारण १० ते १३ अंश हे तापमान चांगलं. पंख्याखाली बसला असाल तर बाटली वीसेक मिनिटं आधी बाहेर काढा, थंडीच्या दिवसांत अर्धा-पाऊण तास. थर्मामीटरची गरज नाही. बाटली हाताला गार लागावी, बोटं बधिर होऊ नयेत. एवढं करूनही वास येत नसेल तर पेला दोन्ही तळव्यांत धरून थांबा. पहिला घोट जरा गारच घ्या आणि मग दर काही मिनिटांनी पुन्हा चाखा. आधी कॉफी आणि कडूपणा, मग कोको, मग सुकामेवा, शेवटी घशात अल्कोहोलची ऊब: ही चढण एकाच पेल्यात अनुभवता येते. उलट, खोलीच्या ३० अंशांवर आलेली बिअर अल्कोहोलनेच भपकारते. तसं झालं तर पेला पाच मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. बर्फ कधीही टाकू नका.

फेस नाही म्हणून बाटलीला दोष

इतक्या तीव्र अल्कोहोलच्या बिअरवरचा तपकिरी फेस लवकर बसतो. ते स्वाभाविक आहे. पण ओततानाच फेस धरत नसेल आणि पेल्याच्या आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून बसत असतील, तर पेल्याला तेलकटपणा आहे. फोडणीची कढई आणि बिअरचा पेला एकाच घासणीने घासला की हे होणारच. वेगळा स्पंज वापरा, भरपूर पाण्याने खळखळून धुवा आणि फडक्याने न पुसता पालथा ठेवून निथळू द्या. पेला गोल पोटाचा आणि तोंडाशी निमुळता असावा. ब्रँडीचा चालतो, वाइनचाही चालतो. तो एक तृतीयांशच भरा, म्हणजे वर वास साठायला जागा राहते.

मसालेदार चकना

शेव, मसाला शेंगदाणे, चिली चिकन यांच्यासोबत ही बिअर चाखू नका. अल्कोहोलमुळे तिखटाची आग वाढते आणि आग वाढली की कोको हरवतो. साधे खारे काजू चालतील. स्टिल्टनसारखं निळं चीज मिळालं तर फारच छान, त्याचा खारटपणा बिअरमधला गोडवा वर आणतो. गोडात व्हॅनिला आइस्क्रीम. खूप गोड केक घेतलात तर त्यापुढे बिअर आंबट आणि पातळ वाटेल.

छोटी बाटली म्हणून एकट्याने संपवणं

हिशोब करून बघा. १० टक्क्यांच्या ३३० मिलिलिटर बाटलीत ३३ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असतं. ५ टक्क्यांच्या ६५० मिलिलिटरच्या मोठ्या बाटलीत असतं ३२.५. म्हणजे ही चिमुकली बाटली त्या मोठ्या बाटलीएवढीच आहे, फक्त घोट निम्मे. दोघा-तिघांत वाटा, सोबत पाणी ठेवा, गाडीची किल्ली घरीच राहू द्या. रंगावरूनही अंदाज बांधू नका. गिनेस ड्राफ्ट तेवढीच काळी दिसते आणि तिच्यात अल्कोहोल जेमतेम ४.२ टक्के असतं.

बॅगेतून काढली आणि लगेच उघडली

भारतीय मानकांत बिअरच्या अल्कोहोलची वरची मर्यादा ८ टक्के आहे. त्यामुळे १० टक्क्यांची बाटली आपल्यापर्यंत बहुधा अमेरिका-इंग्लंडहून येणाऱ्या भावाच्या किंवा मैत्रिणीच्या बॅगेतूनच येते. प्रवासात ती हेलकावलेली आणि तापलेली असते. लगेच उघडली तर उसळते, गाळ ढवळला जातो आणि चव विस्कटते. आठवडाभर अंधाऱ्या, गार जागी उभी ठेवा. आडवी नको, म्हणजे गाळ तळाशी बसेल. ओतताना शेवटचा बोटभर भाग बाटलीतच राहू द्या.

खरोखर बिघडलेली कशी ओळखावी

सगळं नीट करूनही चव खटकली तर आता बाटलीकडे संशयाने बघायला हरकत नाही. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे बिअरला ऑक्सिजन लागलाय, आणि उष्ण जागी साठवल्याने हे फार लवकर होतं. अंगात हलकी शेरी किंवा पोर्ट वाइनची छटा असेल तर तोही ऑक्सिजनचाच परिणाम, पण जुन्या इम्पिरियल स्टाउटमध्ये ती अनेकांना आवडते, मलाही. सोया सॉससारखा खारट, मांसल वास आला तर मृत यीस्टच्या पेशी फुटल्याची ती खूण. पॉपकॉर्नवरच्या लोण्याचा वास डायअसेटिल या द्रव्याचा, तोही दोषच.

आंबटपणाशी मात्र जपून. भाजलेला मॉल्ट मुळातच थोडा आम्ल असतो, त्यामुळे काळ्या कॉफीत असते तशी किंचित आंबट धार इथे असायचीच. ती कोकोबरोबर येते आणि पटकन विरते. जिवाणूंचा आंबटपणा वेगळा: तो घोटभर टिकून राहतो, ताक किंवा व्हिनेगरची आठवण देतो, बिअरचं अंग पाण्यासारखं पातळ करतो आणि बऱ्याचदा न हलवलेली गार बाटलीही उघडताच उसळते. ही लक्षणं एकत्र दिसली तर बिनदिक्कत ओतून द्या. एकटीच आंबट धार असेल तर आधी पेला थोडा कोमट होऊ द्या आणि मग ठरवा.

वर्षानुवर्षं जपून ठेवणं

१७९६ मध्ये चित्रकार जोसेफ फॅरिंग्टन यांनी आपल्या रोजनिशीत लंडनच्या थ्रेल यांच्या ब्रुअरीतल्या पोर्टर या काळ्या बिअरबद्दल लिहिलं होतं की ती रशियाच्या सम्राज्ञीसाठी खास बनवतात आणि सात वर्षं टिकते. नुसत्या मॉल्टवर उभी असलेली स्टाउट आजही काही वर्षं सुरेख मुरते: हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या कडू फुलांचा, कडूपणा मवाळ होतो, खजूर-मनुका पुढे येतात. पण ज्या बिअरमध्ये कोकोचे तुकडे, व्हॅनिला किंवा कॉफी वेगळी घातली आहे तिचे ते सुगंध आधी उडतात. ती ताजीच प्या. आणि साठवायची असेल तर मुंबई-नागपूरच्या उन्हाळ्यात कपाटात नव्हे, फ्रिजच्या सगळ्यांत खालच्या कप्प्यात. दोन बाटल्या मिळाल्या तर एक आत्ता उघडा, चव चार ओळींत लिहून ठेवा आणि त्या चिठ्ठीवर तारीख घालून दुसरीच्या गळ्यात बांधा.