फौजेतून आल्यावर नोकरी लागते का? लागते, पण तयारी युनिटमध्ये असतानाच करा

आपल्या बीड-धाराशिवकडं फौजीला रिटायरमेंटनंतरचं विचारलं की उत्तर ठरलेलं, 'एक्स-सर्विसमनचा कोटा हाय की.' कोटा आहेच, राज्याच्या गट क आणि ड भरतीत 15 टक्के, सरकारी बँकेत क्लार्कला 14.5 टक्के, पण पेपर तर द्यावाच लागतो ना, अन सतरा वर्षं गणित बघितलेलं नसतं. म्हणून शेवटची दोन वर्षं लई महत्त्वाची.

आधी नाव बघा. दहावीच्या मार्कशीटवर ज्ञानेश्वर, आधारवर ज्ञानोबा, डिस्चार्ज बुकात तिसरंच स्पेलिंग, असं आपल्याकडं घरोघरी असतं. युनिटमध्ये असताना क्लार्ककडून पार्ट टू ऑर्डर (सर्व्हिस रेकॉर्डातल्या बदलाची नोंद) करून दुरुस्त होतं, घरी आल्यावर मात्र रेकॉर्ड ऑफिसला पत्रं पाठवत बसावं लागतं.

दुसरं डिग्रीचं. दहावी अन 15 वर्षं सर्व्हिस असली की केंद्राच्या गट क च्या नॉन-टेक्निकल पोस्टला ग्रॅज्युएट धरतात, ते ठीक, पण वाळूज-शेंद्र्याच्या कंपनीतला एचआर फौजेनं दिलेलं ते ग्रॅज्युएशनचं सर्टिफिकेट उलटं-सुलटं करून बघतो अन बाजूला ठेवतो. त्यापेक्षा नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून सर्व्हिसमध्येच बीए करून टाका. ईएमई (गाड्या-मशिनरी दुरुस्तीवाले), सिग्नलवाले, ड्रायव्हर यांचं काम बाहेर लवकर जमतं, इन्फन्ट्रीवाल्यानं शेवटच्या वर्षात डीजीआरचा (फौजींच्या पुनर्वसनाचं केंद्राचं ऑफिस) कोर्स मागून घ्यावा, फायर सेफ्टी, सिक्युरिटी सुपरवायझर, जे मिळंल ते. अन बायोडाटात नुसतं 'सेक्शन कमांडर' लिहू नका, कंपनीवाल्याला त्यातलं काय कळणार? दहा माणसांची ड्यूटी लावली, स्टोअरचा हिशोब ठेवला, असं लिहा.

घरी आलं की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी अन ओळखपत्र, हे तर सगळ्यांना माहीत असतं.

आता फसण्याची जागा. केंद्राच्या नियमात कोट्यातून पहिली सरकारी नोकरी धरली की पुढच्या भरतीत तो फायदा जातो, म्हणून गडबडीत एखाद्या ऑफिसात शिपाई म्हणून चिकटले की पस्तावतात. सूट एवढीच की जॉइन होण्याआधी दुसरीकडं जे जे फॉर्म भरले त्यांची तारखेसकट यादी जॉइन होताच ऑफिसला लिहून द्यायची, मग त्या पोस्टला फायदा चालतो. पोच घ्या बरं का.

अग्निवीरांचं गणित वेगळं, 4 वर्षं, पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही, केंद्रीय पोलीस दलांत राखीव जागा आहेत तिकडं लक्ष ठेवा. सेवा निधीचे (चार वर्षं संपल्यावर एकरकमी मिळतात ते) साधारण 11.71 लाख आले की घरचे ट्रॅक्टरचं काढतीलच, पण निदान वर्षभराच्या अभ्यासाचा खर्च त्यातून बाजूला काढा, मग काय ते बोला.

अन काहीच जमंना तोवर मेस्कोत (राज्याचं माजी सैनिक महामंडळ) नाव टाका. प्रायव्हेट एजन्सी घेतलीच तर ड्यूटी आठ तास का बारा तास अन पीएफ कापतात का, हे जॉइन व्हायच्या आधी विचारा.