मीटर 60 दाखवत होता, तरी कॅन पडत होतं

कॅन बस म्हणजे गाडीतले कंट्रोलर एकमेकांशी बोलतात ती कॅन-हाय आणि कॅन-लो या दोन वायरींची लाइन. तिच्या दोन टोकांना 120 ओहमचे रेझिस्टर, दोन्ही समांतर, म्हणून बॅटरी काढून मोजलं की 60, हे तुम्हाला ठाऊक असणारच. मलाही होतं. तरी पहिल्या नोकरीत याच साठाने मला नऊ दिवस फिरवलं.

चाकणला एक टेस्ट गाडी होती. रेडिएटरचा पंखा लागला की एरर फ्रेम्सचा, म्हणजे संदेश चुकल्याच्या इशाऱ्यांचा पाऊस आणि थोड्या वेळात एक ईसीयू (कंट्रोलर) बस-ऑफ, म्हणजे बसवरून बाहेर. सगळे म्हणाले, पंख्याचा नॉइज. मी वायरींवर नॉइज दाबणारे फेराइट लावले, शिल्डेड वायर ओढली, ग्राउंडचे बोल्ट घासून पुन्हा आवळले. रोज संध्याकाळी ओबीडी सॉकेटच्या (गाडी तपासायचं सॉकेट) 6 आणि 14 नंबरच्या, म्हणजे कॅनच्या पिनांवर मीटर लावायचो. 60. टर्मिनेशन, म्हणजे टोकांचे रेझिस्टर, ठीक आहे म्हणून पुढे जायचो.

गोम इथेच होती, म्हणून सावकाश सांगतो. मीटर लावायला सॉकेट रिकामं हवं, म्हणून मी आधी तिथे लावलेला डेटा लॉगर (बसवरचे संदेश नोंदवणारं खोकं) काढायचो. त्या लॉगरच्या आत तिसरा 120 चा रेझिस्टर होता, जंपरने (पिना जोडणाऱ्या छोट्या टोपीने) चालू केलेला. म्हणजे गाडी चालताना बसवर 40 ओहम आणि मी मोजताना 60! 40 वर कॅन-हाय आणि कॅन-लो यांच्यातला फरक 2 व्होल्टच्या खाली घसरतो, मग एरवी पचला असता तेवढा नॉइजही जड जातो. त्यात लॉगरची दीड मीटरची वायर बिनपिळाची, पंख्याच्या वायरीला खेटून बांधलेली.

हे ओळखलं हार्नेसवाल्या, म्हणजे गाडीचं वायरिंग बांधणाऱ्या काकांनी. "हे खोकं लावूनच मोज की," एवढंच म्हणाले. सॉकेटच्या मागच्या बाजूने प्रोब घातले, 40 आले.

फेराइटने सुरुवात करायला सांगणाऱ्या सिनिअरचं ऐकू नका. ज्यांच्या हाताला क्रिम्पिंगचे (वायरीला टर्मिनल दाबून बसवण्याचे) घट्टे आहेत त्यांच्याजवळ बसा.

आणि बस-ऑफ दिसलं म्हणून हबकू नका, ईसीयू जळलाच असं नसतं. पाठवताना चूक झाली की ईसीयूतला चुकांचा काउंटर 8 ने चढतो, फ्रेम नीट गेली की 1 ने उतरतो, 255 च्या वर गेला की ईसीयू स्वतःच बाजूला होतो. माझा ईसीयू पहिल्यांदा बस-ऑफ गेला तेव्हा नोकरी गेली असंच वाटलं होतं.

जंपर काढला, वायर पिळून वीतभर ठेवली. पंखा सुरू केला आणि तासभर स्क्रीनसमोरून उठलो नाही. एकही एरर फ्रेम आली नाही.