बीएमएस करताय, सोबत धंदाही करायचाय? मग या चुका टाळा

गेल्या दिवाळीत माझ्या बीएमएसच्या, म्हणजे मॅनेजमेंटच्या पदवीच्या, वर्गातल्या चौघांनी दादरला एका ओळखीच्या दुकानाच्या पायरीवर तीन दिवस कंदिलांचा स्टॉल लावला. तिसऱ्या रात्री मेसेज आला, "मॅडम, सहा हजारांचा धंदा झाला!" त्यांच्या धडपडीचं मला मनापासून कौतुक वाटलं. कॉलेज उघडल्यावर मात्र चौघांना वही घेऊन बसवलं.

एका कंदिलाला सामान लागलं 70 रुपयांचं आणि तो विकला 150 ला, म्हणजे नगामागे 80 सुटले. जागेचे 1500 आणि टेम्पो, दिवे धरून आणखी 500, असा 2000 चा ठोक खर्च. 2000 भागिले 80, म्हणजे ब्रेक-इव्हन (ना नफा ना तोटा) 25 नगांवर. यांनी 40 विकले. पुस्तकाप्रमाणे 1200 रुपये नफा व्हायला हवा. पण कंदील बनवले होते 60. उरलेल्या 20 मध्ये सामानाचेच 1400 अडकले, आणि भाऊबीज झाल्यावर कंदील कोण घेणार? हातात आले 6000, खिशातून गेले 6200.

गल्ल्यात जमलं तेवढं कमावलं, असं धरणं ही पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. ब्रेक-इव्हनचं सूत्र चौघांनाही पाठ होतं. पण बनवलेला माल खपणारच, हे त्या सूत्रात गृहीत असतं. सणाच्या मालाला, फुलांना, खाण्याच्या पदार्थांना ते तसंच्या तसं लावता येत नाही. अशा वेळी पहिल्या दिवशी 20 च नग बनवा आणि संध्याकाळची विक्री बघून पुढचे चिकटवा. न कापलेला कागद पुढच्या वर्षी चालतो, तयार कंदील धूळ खातो. आणि चौघांचे तीन दिवस, रोजचे पाच तास, म्हणजे 60 तास. तेही वहीत वेगळ्या ओळीत लिहा. त्या मेहनतीला कुणी पैसे दिले नाहीत, म्हणून ती फुकट ठरत नाही.

म्हणूनच अकाउंट्स आणि कॉस्टिंगची (खर्चाच्या हिशेबाची) लेक्चर्स बुडवून फक्त मार्केटिंगला हजेरी लावणाऱ्या मुलांची मला काळजी वाटते. मार्केटिंग चालतं-फिरतं शिकता येतं. कॉस्टिंग मात्र पेन्सिल घेऊन बसल्याशिवाय येत नाही.

दुसरी चूक ब्लॅक बुकची, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्ट रिपोर्टची. मागच्या बॅचची फाइल घ्यायची, नाव बदलायचं, गुगल फॉर्म वर्गाच्या ग्रुपवर टाकायचा आणि शंभर उत्तरांचे पाय चार्ट काढायचे. ती शंभर उत्तरं एकाच वयाच्या, एकाच कॉलेजच्या आणि तुम्हाला नाराज न करणाऱ्या मित्रमैत्रिणींची असतात. शिवाय प्रश्न काय, तर "असं प्रॉडक्ट आलं तर तुम्ही घ्याल का?" त्यावर नाही कोण म्हणेल? त्यापेक्षा एक संध्याकाळ स्टेशनबाहेरच्या दुकानांपाशी उभे राहा आणि तीसच माणसांना विचारा: ही वस्तू शेवटची कधी घेतली, कुठून, किती रुपयांना, आणि तिथूनच का? माणूस पुढे काय करेन म्हणतो त्यापेक्षा मागच्या आठवड्यात त्याने काय केलं, त्यावर जास्त भरवसा ठेवा.

डबेवाल्यांवरचं प्रेझेंटेशनही दरवर्षी येतं. 1890 ची सुरुवात, डब्यावरच्या खुणा, अचूकपणा, सगळं असतं. पण 2020 मध्ये लोकल आणि ऑफिसं बंद झाली तेव्हा तेच काम ठप्प झालं, हे क्वचितच कुणी मांडतं. खरा अभ्यास तिथे आहे. तुमचा धंदा कशाच्या आधारावर उभा आहे आणि तो आधार महिनाभर गेला तर काय कराल, हे प्रोजेक्टमध्ये लिहा. मी तरी त्या पानाला सगळ्यात जास्त मार्क देते.

कागदपत्रांची घाई नको. पहिलं गिऱ्हाईक मिळण्याआधीच प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढणारी मुलं मी पाहिली आहेत. उलाढाल शून्य असली तरी कंपनीला दरवर्षी ऑडिट आणि फाइलिंग चुकत नाही. लहान प्रमाणावर एकट्याची प्रोप्रायटरशिप पुरते. लहान उद्योगांची उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. महाराष्ट्रात जीएसटी नोंदणीची मर्यादा साधारणपणे वस्तूंसाठी वर्षाला 40 लाख आणि सेवांसाठी 20 लाख उलाढालीची आहे. ऑनलाइन किंवा राज्याबाहेर विकणार असाल तर नियम वेगळे, तेव्हा आधी सीएला विचारा.

बारावीनंतर प्रवेश घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. 2024-25 पासून बीबीए, बीएमएस हे अभ्यासक्रम एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांची सीईटी सुरू झाली. मुंबईतल्या काही कॉलेजांनी मग नाव बदलून बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज केलं. त्यामुळे फॉर्म भरण्याआधी डिग्रीवर नेमकं काय छापलं जाणार आणि प्रवेश सीईटीवर की बारावीच्या मार्कांवर, हे कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचारा. सीनियरच्या सांगण्यावर राहू नका, त्याच्या वेळचे नियम वेगळे होते.

शेवटची चूक मैत्रीतली. "आपल्यात कसला कागद?" म्हणत सुरू झालेली भागीदारी पैसे आले की अडते. 1932 च्या भागीदारी कायद्यानुसार वेगळं काही ठरलेलं नसेल तर नफा-तोटा सारखा वाटला जातो आणि कामाचा पगार मागता येत नाही. म्हणजे रोज विरारहून माल आणणारा आणि एकदाच लोगो काढून देणारा, दोघांचा वाटा सारखाच. कुणी किती पैसे घातले, आठवड्याला किती तास देणार, वाटा कसा आणि मध्येच कुणी सोडलं तर काय, एवढं तरी लिहून सगळ्यांनी सह्या करा. कंदीलवाल्या चौघांनी आता असा कागद केला आहे. परीक्षेच्या महिन्यात ऑर्डर कोण बघणार, ही ओळ त्यांनी स्वतःहून घातली.